कारवानाची निगा : वाचकांचे प्रश्न, आक्कांची उत्तरं

गेल्या अंकात मी आमच्या कारवान या पळणाऱ्या देशी जातीच्या कुत्र्यांविषयी लिहिलं होतं. जत तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत, घरचं अन्न खातात, मोकळ्या रानात पळतात आणि औषधपाणी त्यांना बेताचंच लागतं, असा त्या लेखाचा आशय होता. त्यावर पुष्कळ पत्रं आली. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही, म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेते.

आमच्या आजोबांच्या कुत्र्यांना जन्मात सुई लागली नाही, तरी सगळी धडधाकट होती. मग दोन महिन्यांच्या पिल्लाला एवढ्या लशी कशाला? आईचं दूध पुरत नाही का? (एक वाचक, बार्शी)

दादा, तुमच्या आजोबांच्या काळात पार्व्हो हा पिल्लांना मारणारा उलटी-हगवणीचा रोगच नव्हता. १९७८च्या सुमारास तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोन-तीन वर्षांत जगभर पसरला. त्याआधीच्या कुत्र्यांनी जे कधी बघितलंच नाही, त्याच्याशी ती कशी टिकली असती हे कुणाला सांगता येणार नाही. आणि जुन्या काळी एका वेतातली किती पिल्लं जगली, किती गेली, हे कोण मोजत होतं? आपल्याला आठवतात ती जगलेली.

आईच्या दुधाचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. व्याल्यानंतरच्या पहिल्या दिवसाचा चीक म्हणजे पिल्लाचं कवच. म्हणून पहिल्या चोवीस तासांत प्रत्येक पिल्लू थानाला लागलं की नाही हे मी स्वतः बघते. अशक्त पिल्लाला मागच्या थानांना धरून लावते, तिथे दूध जास्त असतं. पण आईकडून आलेली ही ताकद दिवसागणिक उतरत जाते. कुठल्या पिल्लाची सहाव्या आठवड्यात संपते, कुठल्याची थेट सोळाव्या आठवड्यापर्यंत टिकते. ती अंगात आहे तोवर लस पकडत नाही आणि ती संपली की पिल्लू उघडं पडतं. नेमका दिवस वरून दिसत नाही, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. शेवटची टोचणी सोळा आठवड्यांच्या आधीच आटोपली, तर दिलेल्या सगळ्याच वाया गेलेल्या असू शकतात. लोक नेमके तिथेच कंटाळतात.

पार्व्होचं पिल्लू एकदा बघितलेला माणूस लस चुकवत नाही. सकाळी खेळणारं पिल्लू संध्याकाळी कोपऱ्यात तोंड घालून बसतं, उलट्या सुरू होतात, मग रक्ताची हगवण, आणि तिचा वास असा की दारातूनच कळतं. त्या वेळी सलाइन लागतं, दवाखानाच लागतो. दह्याचं पाणी, डाळिंबाची साल यांनी तिथे काही होत नाही, उलट मोलाचे तास जातात. हा विषाणू मातीत कित्येक महिने, वर्षभरसुद्धा जिवंत राहतो. नेहमीच्या फिनेलवर भरवसा ठेवता येत नाही. फरशी आधी घासून धुवायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं करून दहा मिनिटं ओलं ठेवायचं. ज्या अंगणात पार्व्होने पिल्लू गेलंय, तिथे वर्षभर तरी लस न झालेलं पिल्लू आणू नका.

मोठ्या कुत्र्यांना मात्र दर वर्षी सगळंच टोचायची गरज नसते, हेही सांगते. पिल्लूपणीचा क्रम आणि त्यानंतरचा वर्षाच्या आतला डोस नीट झाला असेल, तर पार्व्हो आणि डिस्टेंपर या दोन विषाणूंच्या रोगांविरुद्धची ताकद तीन वर्षं तरी टिकते. लेप्टोचं, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या रोगाचं, तसं नाही, ती लस वर्षाचीच. ऊसपट्ट्यात, उंदरांच्या जागी, पाणी साठणाऱ्या रानात ती चुकवू नये. आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुढे डॉक्टर सांगतील तशी. आपल्याकडे ती दर वर्षी देतात. त्यात सूट नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर कुत्रंही वाचत नाही आणि माणूसही. कुणाला कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. मिरची, चुना, हळद काही भरायचं नाही.

पुण्यात फ्लॅटमध्ये राहते. कारवान नर दीड वर्षाचा आहे. बरगड्या दिसतात म्हणून सोसायटीतल्या बायका मला बोलतात, ‘उपाशी ठेवते’ म्हणतात. कच्चं मटण सुरू करू का? तुम्ही काय घालता? (एक वाचक, पुणे)

ताई, त्या बायकांना म्हणावं, लॅब्रॅडॉरच्या मापाने कारवान मोजू नका. हे पळणारं कुत्रं आहे. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात, पोट मागे खेचलेलं हवं, कमरेची हाडं हाताला लागायला हवीत. तुम्ही बघायचं ते मांडीकडे. मागच्या मांडीवर हात ठेवा. तिथे भरीव, टणक मांस असेल आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना खळ्या नसतील, तर तुमचं कुत्रं उत्तम आहे. मांडी पोकळ लागली, केस रखरखीत झाले, तर खाणं कमी पडतंय किंवा पोटात जंत आहेत.

आमच्याकडे पंचवीस किलोच्या आसपासच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला ज्वारीच्या दोन दांडग्या भाकरी, दोन उकडलेली अंडी आणि पावशेर शिजवलेलं कोंबडीचं मांस, हाडं काढून. भाकरी ताकात कुस्करायची, ताक बिनमिठाचं. दूध कित्येक मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, ताक पचतं. आठवड्यातून एकदा काळीज, थोडंच. भोपळा किंवा गाजर उकडून. हाडं काढलेल्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, म्हणून अंड्याची टरफलं धुऊन, भाजून, अगदी पिठासारखी दळायची आणि त्यातली अर्धा-पाऊण चहाचा चमचा पूड रोजच्या खाण्यात मिसळायची. हे एवढं एक काम लोक विसरतात आणि मग ‘घरचं खाऊनही पाय वाकले’ म्हणतात. सहा महिने-वर्ष हेच खाणं ठेवणार असाल तर डॉक्टरांना एकदा यादी दाखवून घ्या, कुत्र्यागणिक गरज बदलते. पिल्लांचा हिशोब वेगळा असतो. वाढत्या हाडांना कॅल्शियम कमीही चालत नाही आणि जास्तही चालत नाही, म्हणून पहिलं वर्षभर मी त्यांना पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाद्य देते आणि जोडीला थोडं घरचं. घरच्या अन्नाचा मला अभिमान आहे, पण त्यापायी मी पिल्लाचे पाय पणाला लावणार नाही.

कुत्र्याला धान्य पचत नाही, तो लांडगा आहे, असं आता बरेच लोक सांगतात. लांडग्यापेक्षा कुत्र्याच्या अंगात पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त असतात, हे २०१३ साली संशोधकांनी दाखवलं. माणसाच्या चुलीशेजारी हजारो वर्षं काढल्यावर ते साहजिक आहे. आमच्या मेंढपाळांची कुत्री भाकरीवरच वाढली. फक्त धान्य पूर्ण शिजलेलं हवं आणि जोडीला अंडं-मांस हवंच. नुसत्या ताक-भाकरीवर कुत्रं जगतं, पण मांडी भरत नाही.

कच्च्याचं मात्र मी स्पष्ट नाही म्हणते, आणि त्याचं कारण आमच्याच भागातलं आहे. जत्रेत, लग्नात बकरी पडतात. त्यांचं काळीज, फुप्फुस, आतडी कुत्र्यांपुढे टाकतात. मेंढरा-बकऱ्यांच्या काळजात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी असतात, त्या तुम्ही कसायाकडे बघितल्या असतील. त्या गाठीत एका बारीक फीतकृमीची पिल्लं असतात. कुत्र्याने ती खाल्ली की त्याच्या आतड्यात कृमी वाढतात, विष्ठेतून अंडी पडतात आणि ती मेंढरांच्या चाऱ्यात जातात, नाहीतर आपल्या हाताला, लेकरांच्या तोंडात. मग माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तशाच गाठी होतात आणि कित्येकदा ऑपरेशनपर्यंत जातं. कुत्र्यावर मात्र काहीच दिसत नाही, ते टवटवीत असतं. म्हणून आमच्या वस्तीवर कुणाचंही बकरं पडलं, तरी आतलं सगळं आधी उकळायचं, मगच कुत्र्याला, आणि गाठी असलेलं काळीज खोल खड्ड्यात पुरायचं. फीतकृमीचं प्राझिक्वांटेल असलेलं औषध ठरल्या अंतराने देते. ज्यांच्या घरी मेंढरंही आहेत आणि कुत्रीही, त्यांनी हे आजच मनावर घ्यावं.

शिजवलेली हाडं देऊ नका, ती चिरफळतात आणि आतडं फाडतात. आणि आपला तांबडा-पांढरा रस्सा भाकरीवर ओतू नका. त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मनुका, द्राक्षंही नकोत. सांगली भागात द्राक्षबागेत, बेदाण्याच्या शेडवर कुत्री राखणीला असतात, तिथे पडलेला माल झाडून घेत जा. त्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

गोचिडांनी जीव नको केलाय. कडुनिंबाचा पाला उकळून आंघोळ घालतो, करंजाचं तेल लावतो, कुणी लसूण खायला घालायला सांगितलं. आठ दिवसांत पुन्हा तेवढ्याच. काय चुकतंय? (एक शेतकरी, सांगोला)

भाऊ, तुम्ही कुत्र्यावर मेहनत घेताय आणि गोचिडी आहेत भिंतीत. कुत्र्यावर दिसते तो थोडाच भाग. ही तांबूस गोचीड रक्त पिऊन टम्म फुगली की कुत्र्यावरून उतरते, भिंतीने वर चढते, दगडाच्या सांदीत नाहीतर तुळईच्या फटीत जाऊन हजारांनी अंडी घालते आणि मरते. त्यातून निघणारी पिल्लं राईच्या दाण्याहून बारीक असतात. ती कुत्र्यावर येतात, रक्त पितात, उतरतात, कात टाकतात, पुन्हा येतात. वाढताना तिला तीनदा कुत्रं गाठावं लागतं. म्हणजे तीनदा ती तुमच्या भिंतीत असते आणि तिथेच तिला गाठायचं.

रात्री टॉर्च घेऊन कुत्र्याच्या जागेशेजारची भिंत बघा. जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंत आणि त्याच्याही वर, जिथे पत्रा भिंतीला टेकतो तिथे. पोपडा धरलेल्या चुन्याच्या मागे त्या ओळीने बसलेल्या दिसतील. सगळा पोपडा खरवडून काढा. खरवडलेलं खाली पाडून सोडू नका, गोळा करून जाळा. प्रत्येक फट सिमेंटने बुजवा, मग चुना मारा, आणि हे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा, कारण अंडी तेव्हा फुटत असतात. बसायची पोती जाळून टाका. त्याऐवजी खाटेसारखी पट्टीची बाज करा, तिचे पाय भिंतीला लागू देऊ नका. आमच्याकडे दगडी गोठ्याशेजारची जागा सोडून कुत्र्यांना गुळगुळीत गिलावा केलेली शेड बांधली, तेव्हा खरा फरक पडला. कोंबड्या मोकळ्या असतील तर त्या जमिनीवरच्या गोचिडी टिपतात, तेवढीच मदत.

कडुनिंबाच्या पाण्याने अंगाची खाज शमते, मीही उन्हाळ्यात वापरते. पण त्याने गोचिडी संपत नाहीत, आणि लसूण तर विषारीच आहे, वर सांगितलंच. म्हणून गोचिडीच्या दिवसांत मी डॉक्टरांनी दिलेली गोळी देते. महिन्याची असते, तीन महिन्यांचीही असते. कुत्र्याला कधी झटका आला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. गुरांच्या अंगावर मारायचं औषध कुत्र्यावर ओतू नका, ते अंग चाटतं.

रोज संध्याकाळी हात फिरवायचा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली, पट्ट्याखाली. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायची आणि सरळ ओढायची. रॉकेल, जळती काडी नको. नखाने चिरडायची नाही, साबणाच्या पाण्यात टाकायची.

एवढं सगळं का सांगते, तर गोचिडीचा खरा धोका तिने पिलेल्या रक्तात नाही. तिच्या तोंडातून जो ताप येतो तो कुत्रं मारतो. कुत्र्याने अन्न सोडलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं, लघवी काळ्या चहासारखी झाली, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी रक्त तपासा. एर्लिकिया हा गोचिडीच्या तापाचा जंतू निघाला तर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं म्हणून गोळ्या बंद करू नका.

मुधोळ आणि कारवान एकच का? (एक विद्यार्थी, उदगीर)

हो बाळा, एकाच कुळातलं कुत्रं. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत ते कारवान हाउंड आहे, इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या नोंदीत मुधोळ हाउंड. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली, म्हणून ते नाव. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. झुपकेदार कानांचं आणि शेपटीचं जे दिसतं, त्याला आमच्याकडे पश्मी म्हणतात.

उन्हाळ्यात सोलापूरचं ऊन. पळवू की नको? (एक वाचक, सोलापूर)

पळवायलाच हवं, पण उजाडायच्या वेळी. जमिनीवर उलटा तळहात टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पायालाही सोसत नाही. खाल्ल्यावर दोन तास तरी पळवू नका, खोल छातीच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडायची भीती असते. जिभेचा रंग गडद लाल झाला, चालताना झोकांड्या गेल्या, तर साध्या पाण्याने सगळं अंग भिजवा, वारा घाला आणि भिजल्या अंगानेच दवाखान्यात न्या. तोंडात पाणी ओतू नका. आणि पळवणं म्हणजे सशामागे सोडणं नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि ती बंदच राहावी. नांगरलेल्या रानाला कुंपण घालून सोडा, दोन कुत्री एकमेकांच्या मागे लागली की पुरे.

माझी मादी पहिल्यांदा गाभण आहे. सासूबाई डिंकाचे लाडू द्यायला सांगतात, दुकानदाराने कॅल्शियमचं सिरप दिलंय. पिल्लांना वावडिंग उगाळून दिलं तर जंत पडतात का? (एक वाचक, सातारा)

ताई, सासूबाईंची माया कळते, पण लाडू नको. साखर-तुपाने तिचं पोट बिघडेल, आणि लाडवात मनुका असतील तर त्या तिला घातकच. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत अंडी, मांस वाढवा आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं घाला, कारण पोटात जागा उरत नाही. कॅल्शियमचं सिरप मात्र आजच बंद करा, हे कळकळीने सांगते. गाभण असताना वरून कॅल्शियम ओतलं की तिचं शरीर हाडातलं कॅल्शियम काढायचं विसरतं. मग पिल्लं दूध ओढायला लागली की रक्तातलं एकदम खाली येतं. मादी धापा टाकते, पाय ताठ होतात, थरथरते, झटके येतात. तसं दिसलं तर पिल्लं बाजूला घ्या आणि रात्री-अपरात्रीही डॉक्टरांकडे पळा. शिरेतून दिलेलं कॅल्शियम तिला वाचवतं.

दिवस साधारण ६३. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ तिचा ताप मोजा. एरवी १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतो. ९९ च्या खाली उतरला की एक दिवसाच्या आत व्यायला लागेल. तिला अंधारी, आडोशाची जागा द्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवू नका. आमची बिजली व्याली तेव्हा मी कोपऱ्यात पाट टाकून बसले होते, हात लावला नाही. ती पिशवी स्वतः फाडते, नाळ चावते, पिल्लाला इतक्या जोरात चाटते की ते उलटंपालटं होतं, आणि त्या चाटण्यानेच ते पहिला श्वास घेतं. वार एक-दोन खाल्ल्या तर खाऊ द्या, जास्त खाल्ल्या तर ढाळ लागते. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर येत नसेल, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त गेले, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव गेला, तर वाट बघू नका.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. एखादं पिल्लू बाजूला पडून गार झालं असेल, तर लोक घाईने त्याला दूध पाजतात. गार पिल्लाचं पोट चालत नाही, दूध आत नासतं. आधी पोलक्यात, छातीशी धरून हळूहळू ऊब द्या. तोंडात बोट घातल्यावर ते चोखायला लागलं, की मग थानाला लावा. रोज त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घ्या. ज्याचं वजन वाढत नाही, ते आजारी दिसायच्या एक दिवस आधी काट्यावर सापडतं.

वावडिंगाने होत नाही. पिल्लू आईच्या पोटातूनच गोल जंत घेऊन येतं, दुधातून आकडेकृमी येतात. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, वजनावर मोजून, डॉक्टरांनी दिलेलं पायरँटेलसारखं औषध द्या, आणि त्याच दिवशी आईलाही.

माझ्याकडे एक चांगली मादी आहे. शर्यत जिंकलेला गावातला नर लावावा म्हणतो. तो तिचा सावत्र भाऊ लागतो. चालेल का? (एक वाचक, लातूर जिल्हा)

नाही, दादा. हा प्रश्न शेवटाकडे ठेवला, कारण कुत्री निरोगी राहण्याचं माझं सगळं मर्म इथेच आहे. अन्न, ऊन, पळणं यांनी कुत्र्यात जे आहे ते टिकतं. जे नाही ते येत नाही. ते रक्तातूनच यावं लागतं.

आमच्या भागात एखादा नर गाजला की पाच कोसांतल्या सगळ्या माद्या त्यालाच लावतात. दोन पिढ्यांनी नातवंडं एकमेकांना भेटतात आणि मग वेतात पिल्लं कमी, नर नापीक, कातडीचे रोग, असं सुरू होतं. म्हणून माझ्याकडे प्रत्येक कुत्र्याच्या पाच पिढ्यांची वही आहे. नर निवडताना त्याच्या शर्यती मी शेवटी बघते. त्याची आई स्वतःहून व्याली का, तिला दूध भरपूर होतं का, त्याच्या वेतातली किती भावंडं वर्षभर जगली, पिल्लूपणी अंगभर खरूज पसरली होती का, उन्हाळ्यात तो अन्न सोडतो का, आणि घरातल्या लेकराने जेवताना त्याच्या अंगावर हात ठेवला तर तो काय करतो, हे आधी. ज्या मादीला दुसऱ्यांदाही व्यायला मदत लागली तिला मी पुढे लावत नाही, ती कितीही देखणी असो. देखणी मादी बाजूला ठेवताना जीव तुटतो, पण तिच्या लेकींना तोच त्रास होणार असतो.

शर्यतीपायी ग्रेहाउंड या विलायती कुत्र्याचं रक्त मिसळायची पद्धत वाढली आहे, तीही मला पटत नाही. वेग मिळतो, पण माळरानावरच्या काट्याकुट्यात, उन्हात आणि कमी अन्नात टिकणारं जे कुत्रं आपल्या लोकांनी शेकडो वर्षं घडवलं, ते हातचं जातं. परत मिळवायला दुसरं कुठलं बियाणं नाही.

कायदाही बघा. २०१७च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद करावी लागते. अठरा महिन्यांच्या आतली आणि आठ वर्षांवरची मादी लावता येत नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेत घेता येत नाहीत. मी तीनवर थांबते.

पिल्लू घ्यायचं आहे. काय बघू? (अनेकांचं पत्र)

आईला बघा. ती दाखवायला जो माणूस तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका. व्यालेली मादी थोडी उतरलेली दिसेल, त्याला हरकत नाही, पण डोळे स्वच्छ आणि स्वभाव शांत हवा. शक्य असेल तर बापालाही बघा. जागा नाकाने तपासा, तिथे घाण वास नको. पिल्लाच्या हिरड्या गुलाबी, पोट जेवल्याशिवाय नगाऱ्यासारखं फुगलेलं नको, चालताना पंजे घट्ट. एक किल्ली जमिनीवर टाका. दचकून मागे गेलेलं पिल्लू पुन्हा हुंगायला पुढे आलं तर ते घ्या. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू विकणं बेकायदेशीर आहे, आणि ते चावायला किती जोर लावायचा हे भावंडांकडून शिकलेलंच नसतं. घरी नेताना ते काय खात होतं ते विचारून आठवडाभर तेच घाला, आणि लस व जंताचं औषध कुठलं, कोणत्या तारखेला दिलं हे कागदावर लिहून घ्या, म्हणजे पुढचा डोस तुमच्या डॉक्टरांना ठरवता येईल.